पेन्शन हातात पडू द्या, मग कर घ्या

माननीय केंद्रीय अर्थमंत्री
श्रीमती निर्मला सीतारामन यांस,



पत्रास कारण की, परदेशात उमेद खर्ची घालून उतारवयात मायदेशी परतणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि त्यांच्या पेन्शनवरच्या आयकराचे गाडे अजून नीट रुळावर आलेले नाही. मी पुण्यात लोकांची रिटर्न्स भरून देण्याचे काम करतो. जून-जुलैत माझ्यासमोर बसणाऱ्यांत न्यूजर्सीहून परतलेले इंजिनिअर असतात, लंडनजवळ नोकरी करून आलेले असतात, मेलबर्न किंवा सिंगापूर सोडून कोथरूड-बाणेरला स्थिरावलेली जोडपी असतात. कर कसा चुकवायचा, हे त्यांच्यापैकी फारच थोडे विचारतात. कर कधी भरायचा, कुठल्या देशाला भरायचा आणि कुठल्या फॉर्मवर दाखवायचा, हे मात्र सगळेच विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने सरळ दिले, तर उरलेले दोन निम्म्याने हलके होतील.

म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. निवृत्तीच्या पैशावरचा कर तो पैसा प्रत्यक्ष हातात पडेल तेव्हाच लागावा. तो पैसा कुठल्याही देशातून येवो, आणि त्यासाठी वेगळा अर्ज करण्याची वेळ कुणावर येऊ नये.

या दुखण्याची दखल पहिल्यांदा आपणच घेतली, हे मान्य करायला हवे. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पीय भाषणात परतणाऱ्या अनिवासी भारतीयांच्या परदेशी निवृत्ती खात्यांचा प्रश्न आपण मांडलात, आणि १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए आले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही त्या कलमाची सवलत कायम ठेवली आहे. पण पाच वर्षांच्या अनुभवानंतर तिच्यातल्या फटी दिसू लागल्या आहेत.

मूळ अडचण काय होती, ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे कर ठरतो तो माणसाच्या नागरिकत्वावर नव्हे, रहिवासावर. परदेशातून कायमचा परतलेला माणूस लगेच पुरता निवासी होत नाही. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिलेला नसेल, तर त्याला मधला दर्जा मिळतो. आमच्या धंद्यात त्याला ‘आरएनओआर’ म्हणतात. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. ही मुभा साधारण दोन, फार तर तीन वर्षे टिकते. ती संपली की जगात कुठेही झालेले उत्पन्न भारतात करपात्र होते.

आता अमेरिकेतले ४०१(के) खाते घ्या. पगारातून कापलेला पैसा त्यात साठतो, गुंतवला जातो आणि वाढतो. अमेरिका त्या वाढीवर दरवर्षी कर मागत नाही. निवृत्तीनंतर पैसे काढाल तेव्हा मागते. भारतात मात्र ती वाढ दरवर्षीचे उत्पन्न धरली जाण्याची टांगती तलवार होती. समजा खात्यात तीन लाख डॉलर आहेत आणि एका वर्षात ते आठ टक्क्यांनी वाढले. चोवीस हजार डॉलर झाले. डॉलर ८५ रुपये धरला तर २० लाख ४० हजार रुपये. नव्या कररचनेत यावर उपकरासह २ लाख १८ हजार ४०० रुपये कर होतो. हा कर भरायचा कुठून? खात्यातला एक डॉलरही त्या गृहस्थांच्या हातात आलेला नाही. पुढच्या वर्षी बाजार आपटला आणि ती वाढ धुऊन निघाली, तरी भरलेला कर परत येत नाही. मोहोर आला की आंब्याची पेटी मागण्यासारखाच हा प्रकार. त्यावर कडी म्हणजे बारा-पंधरा वर्षांनी पैसे काढताना अमेरिकेने कर कापला, तर भारतात आधीच्या वर्षांत भरलेल्या कराची वजावट तिथे मिळवणे जवळपास अशक्य. दोन्हीकडच्या कराची वर्षेच जुळत नाहीत.

कलम ८९ए ने सांगितले की अशा खात्यावरचा कर परदेशात ज्या वर्षी लागेल त्याच वर्षी भारतातही लागेल. तत्त्व अगदी योग्य. पण पुढे अटी आल्या. एप्रिल २०२२ च्या अधिसूचनेत तीनच देशांची नावे आली: अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा. फॉर्म १०-ईई मुदतीत ऑनलाइन भरला तरच सवलत, आणि एकदा घेतली की मागे फिरता येत नाही. खाते उघडताना माणूस भारतात अनिवासी आणि त्या देशात निवासी असला पाहिजे.

पहिली फट या यादीची. तिच्यात ऑस्ट्रेलिया नाही, सिंगापूर नाही, जर्मनी नाही. ऑस्ट्रेलियात नोकरी केलेल्याचा पैसा ‘सुपर’ या निवृत्ती खात्यात अडकलेला असतो, सिंगापूरच्या कायम रहिवाशाचा ‘सीपीएफ’ खात्यात. त्या देशांच्या कायद्यानेच तो तिथे ठेवायला लावलेला असतो आणि ठरावीक वयाआधी सहसा काढूही देत नाहीत. मेलबर्नहून परतलेल्या माणसाने असे कोणते पाप केले, की न्यूजर्सीच्या माणसाला मिळालेली सवलत त्याला मिळू नये?

दुसरी फट अमेरिकेतल्या रॉथ खात्यांची. यात कर भरलेला पैसा घातला जातो, म्हणून अटी पाळून काढताना अमेरिका कर घेत नाही. आपल्या कलमाची भाषा मात्र ‘काढताना कर लागणाऱ्या’ खात्यांची आहे. मग रॉथ त्यात बसते का? तीन सीएंना विचारा, तीन उत्तरे मिळतील. परतलेल्या माणसाने यातले कुठले उत्तर धरून सही करायची?

तिसरी फट मला सगळ्यात जास्त टोचते. सवलत घेतलेला माणूस पुढे पुन्हा अनिवासी झाला, तर १९६१ च्या कायद्याखालच्या नियम २१एएए नुसार त्याने ती सवलत कधी घेतलीच नव्हती असे समजले जाते. मधल्या वर्षांत खात्यात झालेली वाढ एकदम करपात्र ठरते. हा नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा कर टाळण्यासाठी देश बदलणारा हुशार माणूस असावा. माझ्यासमोर येतात ते वेगळे असतात. नवरा-बायको परततात, औंधला फ्लॅट घेतात, सात-आठ वर्षे बरी जातात. मग दोघांतले एक जाते. मुलगी म्हणते, बाबा, एकटे राहू नका, इकडे या. तो माणूस टेक्सासला मुलीकडे जातो आणि त्याच्या मागे आठ वर्षांच्या न मिळालेल्या पैशावरचा कर लागतो. म्हातारपणी लेकीच्या आधाराला जाणे ही करचुकवेगिरी नव्हे.

या सगळ्यामुळे आमच्या धंद्यात एक सल्ला रूढ झाला आहे: आरएनओआरची दोन वर्षे संपायच्या आत खाते रिकामे करा. पन्नाशीतला माणूस हा सल्ला ऐकतो, मुदतीआधी पैसे काढल्याबद्दल अमेरिकेचा दहा टक्क्यांचा जादा कर सोसतो, आणि म्हातारपणासाठी बांधून ठेवलेली रक्कम एकदम मोकळी करून बसतो. त्यातली काही रक्कम फ्लॅटमध्ये जाते, काही मुलाच्या लग्नात. करनियमांच्या धाकाने पेन्शन मोडायला लावणे कुठल्याच सरकारच्या हिताचे नाही.

आपल्याच घरातली पद्धत पाहा. भारतातल्या एनपीएस खात्यात दरवर्षी होणाऱ्या वाढीवर आपण दरवर्षी कर मागतो का? नाही. पीपीएफवर? नाही. ईपीएफमध्ये कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अडीच लाखांवरच्या वार्षिक वर्गणीच्या व्याजावर २०२१ पासून कर लागतो, पण तो मोठ्या रकमांना घातलेला आळा आहे. पेन्शनच्या पैशाला पिकेपर्यंत हात लावू नये, हे तत्त्व आपल्या देशाने कधीच स्वीकारले आहे. परदेशातल्या खात्याला तेच तत्त्व लावा, एवढीच विनंती.

यात तिजोरीचे नुकसानही नाही. भारत-अमेरिका कराराच्या विसाव्या कलमानुसार दरमहा येणाऱ्या खासगी पेन्शनवर कर घेण्याचा हक्क रहिवासाच्या देशाचा आहे. म्हणजे अमेरिकेचे नागरिकत्व न घेता इथे परतलेल्या माणसाच्या पेन्शनवरचा कर आज नाही तर दहा वर्षांनी भारतालाच मिळणार. थांबलात तर तो वाढलेल्या रकमेवर मिळेल. त्याच कलमात अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा निकाल एका वाक्यात लावला आहे: ती फक्त अमेरिकेतच करपात्र. तिथली अनिवासी, अनागरिक व्यक्ती असेल तर अमेरिका रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे एकूण साडेपंचवीस टक्के कापून घेते. कात्री मोठी आहे. तरी त्या पैशाबद्दल माझ्याकडे कुणी तीन-तीन फेऱ्या मारत नाही, कारण नियम स्वच्छ आहे.

आता फॉर्मांकडे येतो. एक उदाहरण जवळून दाखवतो. पंचाहत्तरीच्या घरातले एक गृहस्थ २०१६ साली ब्रिटनमधून परतले. त्यांना तिथली सरकारी पेन्शन मिळते. त्या वर्षी नव्या पेन्शनचा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. २०२५-२६ मध्ये ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला २३०.२५ पौंड मिळत होते. यांना मात्र आजही १५५.६५ च, कारण भारतात राहणाऱ्या पेन्शनरांना ब्रिटन वार्षिक वाढ देत नाही. वर्षाचे सुमारे ८,०९४ पौंड, म्हणजे साडेनऊ लाख रुपयांच्या आसपास. बँकेचे थोडे व्याज धरूनही उत्पन्न बारा लाखांच्या आत. नव्या कररचनेतल्या सवलतीमुळे कर शून्य.

कर शून्य असला तरी काम शून्य नाही. परदेशात खाते असल्यामुळे त्यांना ‘सहज’ हा सोपा फॉर्म चालत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो. उत्पन्न करमर्यादेच्या खाली असते तरी रिटर्न भरणे सुटले नसते, कारण परदेशी मालमत्ता असलेल्या पुरत्या निवासी व्यक्तीला ते सक्तीचे आहे. पेन्शन दर चार आठवड्यांनी लंडनच्या बँक खात्यात जमा होते. ती पगार या सदरात धरली, तर प्रत्येक हप्त्याला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. इतर उत्पन्न धरली, तर ३१ मार्चचा एकच दर. मालकाने नव्हे, सरकारने दिलेली पेन्शन यातल्या कुठल्या सदरात बसते, यावर पुन्हा मतभेद, आणि पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळणार की नाही हे त्यावर ठरते. मग ‘शेड्यूल एफए’, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता. तिथे आर्थिक वर्ष चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर धरायचे. त्या खात्यात वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक कुठल्या दिवशी होती ते शोधायचे, त्या दिवसाचा दर लावायचा. ३१ डिसेंबरची शिल्लक वेगळी, तिचा दर वेगळा. एका पेन्शनसाठी दोन प्रकारची वर्षे आणि डझनभर विनिमय दर. तासाभराच्या या खटाटोपाचे अंतिम उत्तर: देय कर शून्य रुपये.

हे सगळे कंटाळवाणे आहे म्हणून मी तक्रार करत नाही. चुकले तर काय होते, त्याची तक्रार आहे. परदेशी मालमत्ता जाहीर करण्यात राहून गेली, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली सरसकट दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. करच बुडालेला नसला तरी! स्थावर सोडून एकूण मालमत्ता वीस लाखांपर्यंत असेल तर दंड नाही, अशी मुभा आपण १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलीत. ती स्वागतार्हच. पण वर सांगितलेल्या गृहस्थांच्या लंडनच्या खात्यात जन्मभराच्या बचतीचे वीस हजार पौंड असले, तरी ते या रेषेच्या वर जातात. त्यांना होऊ शकणारा दंड त्यांच्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा मोठा. ज्या कायद्याचा रोख हवालावाल्यांवर आणि बेनामी कंपन्यांवर होता, त्याच्या तावडीत राणीच्या राज्यात बस चालवून आलेला माणूस सापडतो.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा अनुभवही हेच सांगतो. २०२४ च्या अखेरीस मंडळाने परदेशी मालमत्ता असलेल्यांना दटावण्याऐवजी संदेश पाठवून आठवण करून दिली. तेव्हा २४,६७८ जणांनी आपली रिटर्न्स पुन्हा तपासली, आणि सारे मिळून २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता जाहीर झाली. नुसत्या आठवणीवर एवढे लोक पुढे येत असतील, तर त्यातल्या पुष्कळांना नियम माहीतच नव्हता असे मानायला जागा आहे. लपवणारा माणूस एसएमएसने सुधारत नाही.

आपले अधिकारी म्हणतील, ढील दिली की लोक पेन्शनच्या नावाखाली पैसा दडवतील. शंका रास्त आहे. पण नोकरीशी जोडलेले आणि वर्गणीला कायद्याने मर्यादा घातलेले निवृत्ती खाते हे पैसा दडवण्याचे फार गैरसोयीचे ठिकाण आहे. शिवाय अमेरिकेशी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार २०१५ मध्ये झाला आणि इतर अनेक देशांकडून २०१७ पासून खात्यांची माहिती आपोआप येते. ज्याची माहिती अशी येत नाही, त्याच्या बाबतीत मालकाचे किंवा फंडाचे वार्षिक विवरणपत्र मागा. ते प्रत्येक पेन्शनरकडे असते.

उलट दिशेने जाणाऱ्यांचीही एक गोष्ट नोंदवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई वर्षाला नऊ लाख पेन्शन घेतात. भारतात राहिल्या तर कर शून्य. नातवाला सांभाळायला सहा-सात महिने परदेशातल्या मुलाकडे जाऊन आल्या तरी साठ दिवसांच्या नियमाने त्या बहुधा निवासीच राहतात, त्यामुळे बिघडत नाही. पण कायमच्या मुलाकडे गेल्या आणि अनिवासी झाल्या, की बारा लाखांपर्यंतची सवलत जाते, कारण ती फक्त निवासींना आहे. प्रमाणित वजावट धरूनही त्यांना २३,४०० रुपये कर बसतो. पेन्शन तीच, देणारे सरकार तेच, शिकवलेली मुलेही इथलीच. बाईंचा पत्ता तेवढा बदलला. ज्यांचे भारतातले उत्पन्न म्हणजे केवळ इथली पेन्शन आहे, त्यांना ही सवलत द्यायला हरकत नसावी.

तेव्हा मागण्या अशा आहेत. पहिली: कुठल्याही देशातल्या, कायद्याने मान्य केलेल्या निवृत्ती खात्यावर पैसे काढताना कर लागेल, हा सर्वसाधारण नियम करा. ज्याला दरवर्षी कर भरणे सोयीचे वाटते त्याने फॉर्म भरावा. दुसरी: पुन्हा परदेशी गेलेल्यांकडून मागच्या वर्षांचा कर वसूल करणारा नियम काढून टाका. तिसरी: रॉथसारख्या खात्यांबद्दल आणि परदेशी सरकारी पेन्शनच्या सदराबद्दल एक परिपत्रक काढून मतभेद मिटवा. चौथी: पेन्शन आणि ती जमा होणारे बँक खाते यांच्यासाठी ‘शेड्यूल एफए’त एक ओळ पुरेशी माना, वार्षिक विवरणपत्रातला आकडा आणि वर्षअखेरचा एकच दर लावून. पाचवी: जिथे कर बुडालेला नाही, तिथे दहा लाखांच्या दंडाऐवजी माफक विलंब शुल्क ठेवा.

यातल्या पहिल्या मागणीची सुरुवात करायला संसदेत जावे लागत नाही. देशांची नावे जाहीर करण्याचा अधिकार सरकारकडेच आहे, आणि नियम व परिपत्रके मंडळाच्या हातात. ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर ही दोन नावे आधी घाला, बाकीची क्रमाने येऊ द्या. एवढे झाले तर परतण्याच्या तयारीत असलेल्या माणसाचा फोन आला, की ‘दोन वर्षांत खाते मोडा’ असे मला सांगावे लागणार नाही. ‘पेन्शन आहे तिथे राहू द्या, साठीनंतर काढा आणि कर भारतात भरा’ असे सांगता येईल. तिजोरीलाही तेच फायद्याचे आहे.



आपला,
एक कर सल्लागार, पुणे